त्या पहाटे देवी जागी होती

आश्विन लागला की जळकोटातून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेनं माणसांची रीघ लागते. उमरग्याकडून, कर्नाटकातून, तेलंगणातून आलेली माणसं, अनवाणी, गळ्यात कवड्यांची माळ. नळदुर्गापाशी ती तुळजापूरकडे वळतात. आमची आत्या रस्त्यालगत दोन रांजण भरून बसते. समोर आलेल्याच्या ओंजळीत तांब्यानं पाणी ओतते. तो तृप्त होऊन "आई राजा उदो उदो" म्हणतो. आत्या तांब्या पुन्हा रांजणात बुडवते. उदोकाराला उत्तर देत नाही. १९९३ सालापासून दिलेलं नाही.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाची मिरवणूक बघून आम्ही पोरं उशिरा झोपलो. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना फळीवरची भांडी खाली आली आणि अण्णांनी मला दंडाला धरून अंगणात ओढलं. आमच्या भिंतीला फक्त तडा गेला. आत्याचं सासर सास्तूरच्या बाजूला, तेव्हाच्या उमरगा तालुक्यात. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली ५२ गावं त्या पहाटेच्या भूकंपात जमीनदोस्त झाली, त्यांतलंच ते एक. आत्या वाचली, कारण गाय व्यायला झाली होती आणि ती कंदील घेऊन गोठ्यात गेली होती. घरात तिचा नवरा आणि दोन मुलगे झोपलेले होते.

आमच्याकडच्या घरांची रीत ज्याला ठाऊक नाही त्याला हे कळायचं नाही. दोन-अडीच हात रुंदीच्या दगडामातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया, त्यांवर मातीचं माळवद. उन्हाळ्यात आत गारवा राहतो. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर पांढरीची माती चढवायची. बाप चढवतो, मग मुलगा चढवतो. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. काळी पोसते, पांढरी सांभाळते, असं आजी सांगायची. त्या पहाटे पिढ्यान् पिढ्यांची चढवलेली पांढरी एकदम खाली आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. वर पाऊस लागून राहिला. ओल्या लाकडांवर एकेका सरणात घरंच्या घरं ठेवावी लागली. दुसऱ्याच दिवशी पितृपक्ष लागला.

अण्णा आत्याला जळकोटला घेऊन आले. ती रडत नव्हती. तिच्या केसांत माती होती आणि ती धुऊ देत नव्हती.

सोळा ऑक्टोबरला घटस्थापना. वर्षश्राद्ध झाल्याखेरीज सण करू नये, असं भावकीतल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं. आईनंही ठरवलं होतं की यंदा घट नको. आदल्या संध्याकाळी आत्या न सांगता आमच्या रानात गेली आणि पदरात काळी माती घेऊन आली. पत्रावळीवर ती पसरली, घट ठेवला, भोवती गहू-ज्वारी-जवस पेरलं, तरवडाच्या फुलांची माळ वर सोडली. सगळं नीट, रीतीप्रमाणं. मग घटाकडे बघत, कुणाला उद्देशून ते मला तेव्हा कळलं नाही, ती म्हणाली, "निजलेली असतीस तर म्या समजून घेतलं असतं. पर तू तर जागी व्हतीस."

याचा अर्थ मला फार उशिरा लागला. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. नवरात्राच्या आधीची घोर निद्रा भाद्रपद वद्य अष्टमीला सुरू होते आणि अमावस्येपर्यंत चालते. भूकंप झाला तेव्हा अष्टमीला आठवडाभर अवकाश होता. आत्यानं तिथी मोजली होती.

देवावर विश्वास म्हणजे काय, हे ज्यांनी मला सांगितलं त्या सगळ्यांपेक्षा या एका वाक्याचा मी जास्त विचार केला आहे. सांत्वनाला आलेले लोक पुष्कळ बोलले. पाप वाढलं म्हणून धरणी हलली, म्हणाले. देवाला आवडली ती लेकरं, म्हणाले. मागच्या जन्मीचं काही असेल, म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण मला अजूनही ही भाषा सहन होत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या अंगावर माळवद कोसळतं त्याला कारण शोधून देणारा माणूस देवाची बाजू घेत नसतो. त्याला फक्त स्वतःची भीती शमवायची असते. आत्यानं कारण मागितलं नाही. तिनं देवीला जाब विचारला, आणि विचारताना तिच्या हातात तेलाची वाटी होती, अखंड दिव्यात घालायला.

देवाला जाब विचारणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे. त्या तेरवरून वाहत आलेली तेरणाच पुढं भूकंपानं मोडलेल्या गावांच्या शिवारातून जाते. नामात रंगून माती तुडवताना गोरोबाकाकांच्या पायांखाली स्वतःचं रांगतं मूल गेलं, ही कथा आम्ही सप्ताहात दर दोन-तीन वर्षांनी ऐकतो. कीर्तनकार गोरोबाकाकांच्या तल्लीनतेवर रंगतात, आणि मग पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात त्यांचे तुटलेले हात परत येतात, मूलही परत येतं. आत्या कीर्तनाला जाते. पण मूल परत येण्याच्या जागेला ती उठते आणि चप्पल शोधू लागते. एकदा मी विचारलं, अर्ध्यातून का उठतेस?

"मी संतीसाठी येते रं," ती म्हणाली. "तिचं झालं की माझं झालं."

संती म्हणजे गोरोबाकाकांची बायको, त्या मुलाची आई. पाणी भरून परतली आणि चिखलाचा रंग पाहिला ती. तिनं आक्रोश केला, नवऱ्याच्या देवाला बोल लावला आणि त्याच विठ्ठलाची आण घातली, मला शिवायचं नाही. मला या कथेतली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते की ती आण पाळली गेली. गोरोबाकाकांनी ती मोडली नाही. हात तिला शिवले तेव्हा ते तोडून घेतले. संतांच्या कथेत त्या बाईचा संताप कुणी पुसून टाकलेला नाही. कुणी तिला सबुरीचा उपदेश करत नाही. विठ्ठलाच्या नावानंच ती विठ्ठलाशी भांडते, आणि ते भांडण भक्तीच्या कथेत सन्मानानं बसलेलं आहे. आत्याला ते माझ्या आधी कळलं होतं.

गेल्या तीसेक वर्षांत तिनं देवीपाशी काही मागितलेलं मी ऐकलं नाही. नवस नाही, साकडं नाही. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा ती रात्रभर उशाशी बसली, पण देव्हाऱ्याकडे वळली नाही. सकाळी उठून दिवा मात्र लावला. तुळजापूरला ती एकदाच गेली, आणि मुद्दाम घोर निद्रेच्या दिवसांत. मी सोबत होतो. गर्दी कमी होती. देवी पलंगावर होती. आत्या हात न जोडता पुष्कळ वेळ उभी राहिली. जिला आयुष्यभर जाब विचारला तिला झोपलेलं बघताना आत्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मला शब्द नाही. आई आपल्या थकलेल्या मुलीकडे बघते तसं काहीसं. बाहेर पडून पायऱ्या चढताना एवढंच म्हणाली, "थकत आसंल ती बी."

दसऱ्याला घट उठतो. नऊ दिवसांत काळ्या मातीतून वीतभर उगवलेलं पिवळसर-हिरवं धान उपटून घरातल्या पुरुषांच्या टोपीत खोवायचं, ही आमची रीत. आत्या आधी अण्णांच्या टोपीत खोवते, मग माझ्या कानावर ठेवते. मग तीन वेगळे तुरे काढते, एक मोठा, दोन लहान. मुळांची माती झटकत नाही. ते तुळशीकट्ट्यावर ओळीनं ठेवते आणि आत जाऊन माणसांना जेवायला वाढते.