प्लगचा रंग

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचं माझ्यावर ऋण आहे. नव्वदच्या दशकात मी डिप्लोमाला होतो आणि घरातली जुनी यामाहा आरएक्स १०० मला आणखी पळवायची होती. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती. तेवढ्यावर भागवायचं ते वय नव्हतं. मित्र सायलेन्सरच्या आतलं सगळं काढून टाकत. मलाही तेच करून हवं होतं. मिस्त्री म्हणाले, "आवाज काय, फुटक्या डब्यातनंबी निघतोय. पिकअप कुठनं आणणार?" त्यांना एका कानानं जवळजवळ ऐकू येत नसे. कानानं ट्युनिंग करणारे गावात पुष्कळ होते. हे टाकीवर हात ठेवून आणि प्लग बघून करायचे.

टू-स्ट्रोकचं गुपित त्यांनी एक भंगारातला सायलेन्सर उभा कापून समजावलं. जळका धूर बाहेर पडताना त्याच्यामागं थोडं ताजं पेट्रोलही निसटतं, कारण आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या असतात. पुढं रुंद होत जाणारा शंकू धूर ओढून घेतो. नंतरचा निमुळता शंकू दाबाची लाट माघारी फिरवतो आणि ती निसटलेलं पेट्रोल परत सिलिंडरात ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेडच्या वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात हे तंत्र पक्कं केलं आणि १९६१ मध्ये त्यांचाच रेसर एर्न्स्ट डेग्नर ते घेऊन सुझुकीकडे गेला, हे मी फार नंतर वाचलं. मिस्त्रींना ही नावं ठाऊक नव्हती. शंकूंचं गणित मी वहीत मांडलं, पुठ्ठ्यावर आकार काढले. त्यांनी पत्रा कापून वेल्डिंग केलं आणि शेपटाला ग्लासवुल भरलेली नळी जोडली. "गल्लीत म्हातारी माणसं हाईत," एवढंच कारण.

खरं काम पुढंच होतं. "वाट मोकळी केलीस, हवा वाढणार. पेट्रोल कोण वाढवणार?" पेट्रोल जळतं तसं पिस्टनला थंडही ठेवतं; कमी पडलं की पिस्टन पकडतो. म्हणून कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा मेन जेट आधी मुद्दाम मोठा घालायचा आणि मग एकेक नंबर उतरायचा. वाघबीळहून पन्हाळ्याचा चढ फुल्ल रेसवर घ्यायचा, क्लच दाबून तिथंच इंजिन बंद करायचं, तापलेला प्लग फडक्यात धरून काढायचा. काळा, ओला असला तर पेट्रोल जास्त. पांढरा दिसला तर गाडी पुढं न्यायचीच नाही. चहासारखा तांबूस आला की जमलं. मधल्या रेसला गुदमरली तर नीडलची क्लिप एक खाच वर. हे सगळं मी करायचं. ते शेजारी उभे राहून बघायचे, पाना हातात घ्यायचे नाहीत.

पैसे त्यांनी पत्र्याचे आणि जेटचे घेतले. पुढं पुण्यात इंजिन टेस्टिंगच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेलो, तेव्हा हवा-पेट्रोलच्या मिश्रणावरच्या प्रश्नाला मी पुस्तकातलं सोडून पन्हाळ्याच्या चढावरचं उत्तर दिलं. नोकरी लागली. सांगायला गेलो तर त्यांनी आधी विचारलं, "प्लग बघतोस न्हवं अजून?"

आता आवाज-धुराचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पोलीस जप्त सायलेन्सरवर रोलर फिरवतात, ते बरंच करतात. तरीही कुणी तुमच्या गाडीचा सायलेन्सर बदलायला घेतला, तर आधी विचारा, जेट कितीचा घालणार? उत्तर आलं नाही तर किल्ली परत मागून घ्या.