हाडांचा हिशेब

भवानी पेठेतील आमच्या घराच्या गच्चीवर पहाटे साडेपाच वाजता तालीम भरते, त्याला या मार्गशीर्षात तीन वर्षे होतील. तालीम हा शब्द अंमळ मोठाच झाला. चार मुद्गल, एक लोखंडी दांडी, जुन्या बाजारात भंगाराच्या भावाने घेतलेल्या तिच्या तबकड्या आणि आमच्या दोन बंधूंचे दोन चिरंजीव, एवढाच तिचा पसारा. आम्ही स्वतः पन्नाशी ओलांडली असल्यामुळे देखरेखीचे काम आमच्याकडे आले, आणि देखरेख करणारास जो आयता अधिकार प्राप्त होतो तो आम्ही निःसंकोचपणे गाजवला. ती हकीगत सांगणे भाग आहे, कारण तीत एका मुलावर आमच्या हातून अन्याय झाला.

थोरल्या बंधूंचा मुलगा उंच, पाच फूट अकरा इंच. मधल्या बंधूंचा पाच फूट चार इंच, आटोपशीर आणि गोटीबंद. वयात एका वर्षाचे अंतर, वजनात चार किलोंचेही नाही. दोघांचे खाणे एकाच पंगतीत, झोपणे एकाच खोलीत, व्यायाम एकच. असे असता खांद्यावर दांडी घेऊन बैठक मारण्यात धाकटा सहा महिन्यांत ८० किलोंपर्यंत गेला, आणि थोरला ५० वर अडून बसला. शिवाय खाली जाताना तो पुढे इतका वाके, की बैठक चालली आहे की नमस्कार, असा प्रश्न पाहणारास पडावा.

आम्ही म्हणत असू, "पाठ ताठ ठेव. जीव चोरू नकोस." त्यावर एकदा तो म्हणाला, "काका, पाठ ताठ ठेवली की मी मागे पडतो." हे उत्तर आम्ही सबबीच्या खाती टाकले. पुढे एका सकाळी आमच्याच आग्रहावरून त्याने ६० किलो घेतले, आणि वर येता येता त्याची कंबर धरली. डॉक्टरांनी स्नायू दुखावल्याचे सांगून दहा दिवसांची विश्रांती दिली. त्या दहा दिवसांत थोरल्या वहिनी आमच्याशी जेवणाच्या पानावरचे तेवढेच बोलल्या. अकराव्या दिवशी मात्र म्हणाल्या, "भावोजी, एकच विद्या दोघांना शिकवलीत. एकाला चढली, एकाला बाधली. चूक दर वेळी मुलाचीच असते का?"

या प्रश्नाने आम्ही वरमलो, आणि जे काम पहिल्याच दिवशी करावयास हवे होते ते केले. वहिनींच्या शिवणाच्या डब्यातील टेप घेऊन दोघांची हाडे मोजली. कमरेच्या बाजूस खुब्याचे जे टोक हातास लागते, तेथपासून गुडघ्याच्या सांध्यापर्यंत धाकट्याची मांडी भरली ४० सेंटिमीटर, थोरल्याची ४६. हा सहा सेंटिमीटरांचा फरक म्हणजे काय, हे समजण्यास आम्हांस आणखी दोन संध्याकाळी लागल्या.

सोलापूरकरांस ते सांगणे सोपे आहे. संक्रांतीस सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी सात नंदीध्वज पेलून नेतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ध्वज उभा सरळ असतो तोवर पेलणारा चालतो. तोच ध्वज किंचित कलला, की त्याचा चेहरा पालटतो आणि चार हात मदतीस धावतात. ध्वजाचे वजन तर रतीभरही वाढलेले नसते. मग वाढते काय? तर आधारापासून वजनाचे आडवे अंतर. पहारीने दगड उलथताना लांब पहार आपल्या बाजूने लढते, येथे तीच तरफ आपल्यावर उलटते.

बैठकीतही तेच घडते. माणूस पडू नये म्हणून खांद्यावरची दांडी तळपायाच्या मध्यावर राहावी लागते. मांड्या जमिनीस समांतर झाल्या, की गुडघे पुढे आणि खुबे मागे जातात. आमच्या दोघांचेही गुडघे पायाच्या मध्यापुढे सुमारे १४ सेंटिमीटर जात. थोरल्याची उंची सारी मांडीत. नडग्या त्या मानाने लांब नाहीत, आणि घोटाही ताठर. म्हणजे धाकट्याचा खुबा दांडीच्या मागे २६ सेंटिमीटर, थोरल्याचा ३२. मागे गेलेल्या खुब्यावरून दांडी पुन्हा पायाच्या मध्यावर आणावयाची, तर धड पुढे झुकवण्यावाचून गत्यंतर नाही. तो वाकत होता तो आळसाने नव्हे, आणि ताठ झाला तर तो मागे पडे हेही अक्षरशः खरे होते. आता ५० किलोंस ३२ ने गुणले तर १६०० होतात. तेवढाच भार खुब्यावर यावा म्हणून धाकट्यास साडेएकसष्ट किलो घ्यावे लागतील. थोरल्याच्या ५० स आम्ही ५० च समजत होतो. अर्थात साडेएकसष्टांपासून ८० पर्यंतचे अंतर धाकट्याने स्वतःच्या मेहनतीने कमावले आहे, ते त्याच्याकडून काढून घेण्याचा आमचा विचार नाही.

उपायही मग हाडांनीच सुचवला. सुताराकडून दोन बोटे जाडीची फळी करून आणली आणि टाचांखाली ठेवली. टाच उचलली, की गुडघा आणखी पुढे जाऊ शकतो. तो चारेक सेंटिमीटर पुढे गेला, खुबा २८ वर आला, आणि भार एक अष्टमांशाने उतरला. वजने उचलणारे खेळाडू उंच टाचेचे बूट घालतात त्याचे मर्म हेच. आम्ही आजवर त्यास डौल समजत होतो.

दुसरी गोष्ट याहून लाजिरवाणी. आमच्याकडे नळाला पाणी येते त्या दिवशी खालून गच्चीवर पाणी नेण्याचे काम कित्येक वर्षे थोरलाच करतो. वीस लिटरचे दोन कॅन, म्हणजे ४० किलो, दोन हातांत लोंबकळते घेऊन तो जिना चढतो. धाकट्यास दोन खेपांत धाप लागते. घरात कोणीही ही शक्ती मानली नव्हती, ते फक्त पाणी भरणे होते! हात मोजले तेव्हा उलगडा झाला. त्याचे हात उंचीच्या मानानेही लांब आहेत. जमिनीवरची वस्तू धरण्यास त्याला कमी वाकावे लागते आणि उचललेली वस्तू कमी अंतर वर न्यावी लागते. कंबर पूर्ण बरी झाल्यावर, डॉक्टरांस विचारून, जमिनीवरची दांडी हात सरळ ठेवून मांडीपर्यंत उचलण्याचा प्रकार सुरू केला. आज त्यात थोरला ११० किलोंवर आहे, धाकटा ९५ वर.

या प्रकारात अमेरिकेचे लामार गँट यांचे नाव घेतात. त्यांचा कणा वाकडा, त्यामुळे धड आखूड आणि हात गुडघ्यांजवळ पोचणारे. १९८५ साली त्यांनी स्वतःच्या वजनाच्या पाचपट भार जमिनीवरून उचलला. तेच लांब हात जेजुरीस नेले तर नडतील. दसऱ्यास खंडोबाच्या गडावर ४२ किलोंचा खंडा एका हाताने तोलून धरण्याची चढाओढ लागते. तेथे हात जितका लांब तितका खंडा खांद्यापासून दूर, आणि तितका जड.

ठेंगण्यांस निसर्गाने आणखी एक सवलत दिली आहे. स्नायूचा जोर त्याच्या जाडीच्या छेदावर अवलंबून असतो, शरीराचे वजन मात्र घनफळावर. सर्व मापे दुप्पट केली तर जोर चौपट होतो आणि वजन आठपट. मोठ्या प्राण्याची हाडे प्रमाणाबाहेर जाड का करावी लागतात, हे गॅलिलिओने १६३८ सालीच लिहून ठेवले. तुर्कस्तानचे नईम सुलेमानोग्लू अवघे १४७ सेंटिमीटर उंच. १९८८ साली सेऊल येथे ६० किलोंच्या गटात त्यांनी १९० किलो डोक्यावर नेले, म्हणजे स्वतःच्या तिपटीहून अधिक. जॉर्जियाचे लाशा तालाखाद्झे १९७ सेंटिमीटरांचे. त्यांनी २०२१ साली २६७ किलो उचलले. तो जगातला उच्चांक ठरला, परंतु स्वतःच्या वजनाशी ताडून पाहता तो दुपटीच्या पुष्कळ खाली राहतो. दोघांत बलवान कोण, हे ज्याने त्याने आपल्या मापाने ठरवावे.

स्पर्धांत वजनाचे गट पाडतात ते याचसाठी. पण मांडीचे गट कोणी पाडलेले नाहीत. आपल्या सांगलीचा संकेत सरगर २०२२ साली बर्मिंगहॅमला ५५ किलोंच्या गटात ११३ आणि १३५ असे २४८ किलो उचलून रौप्यपदक घेऊन आला. कोपर दुखावला नसता तर सुवर्ण दूर नव्हते, ते २४९ ला गेले. एका किलोवर जेथे निकाल लागतो, तेथे एखाद्या सेंटिमीटरची किंमत काय असेल!

आणि टेपेने न सापडणारीही मापे आहेत. दंडाचा स्नायू कोपराच्या किंचित पुढे हाडास चिकटतो. कोणाचा ४ सेंटिमीटरांवर, कोणाचा ५ वर. तळहात कोपरापासून ३५ सेंटिमीटरांवर धरला, तर १० किलो तोलण्यास पहिल्याच्या स्नायूस साडेसत्त्याऐंशी किलोंचा ताण द्यावा लागतो, दुसऱ्याच्या स्नायूस ७०. हे कोणाच्या अंगावर लिहिलेले नसते.

थोरल्याची क्षमा आम्ही मागितली, ती सर्वांदेखत, रात्रीच्या जेवणास. तो काहीच बोलला नाही, फक्त ताकाची वाटी आमच्याकडे सरकवली. कागदावरचे आकडे आम्ही आईस वाचून दाखवले. तिने ऐकून घेतले, चश्मा काढला आणि म्हणाली, "ह्यांनाही उकिडवं बसता येत नसे. मागे कलंडायचे. सासूबाई 'साहेब' म्हणायच्या, आणि आम्ही सगळ्या हसायचो."