पॅनल सॉचं दुसरं बटण

आठ बाय चारचं 18 मिलीमीटर प्लाय 30-35 किलो भरतं. ते सरकत्या गाडीवर चढवून लांबीत फाडायला घेतलं, की कारागीर उभा असतो प्लायच्या मागच्या टोकाला, पात्यापासून आठेक फूट लांब. मशिनचं बटण मात्र पात्यापाशी, टेबलाखाली. म्हणजे प्लाय सोडून पुढे जा, बटण दाबा, परत मागे या. तोवर 300 मिलीमीटरचं पातं मिनिटाला चारेक हजार फेऱ्या घेत एकटंच फिरतंय. हा हेलपाटा वाचवायला काही जण आधी पातं चालू करतात आणि मग प्लाय चढवतात. ते बघवत नाही.

म्हणून आमच्या मशिनला दुसरं बटण लावलं. आपल्याकडे हिरव्या-लाल बटणांचा स्टार्टर घरोघरी ठाऊक आहे तो विहिरीवरच्या मोटारीमुळे. आतली गोष्ट तीच. हिरवं क्षणभर दाबलं की कॉइलला वीज मिळते, कॉन्टॅक्टर खटकन ओढला जातो आणि पुढे आपल्याच एका जादा कॉन्टॅक्टमधून स्वतःला धरून ठेवतो. लाइट गेली की सुटतो. परत आली तरी आपणहून लागत नाही. शेतकऱ्याला नेमकं हेच नको असतं. रात्री-अपरात्री येणाऱ्या लाइटीसाठी तो हिरव्या बटणात काडी खोचतो, नाहीतर ‘ऑटो’ बसवतो. करवतीच्या स्टार्टरला असली काडी लावणाऱ्याला मी कारखान्यात उभा करणार नाही.

जोडणी सोपी आहे. नवं लाल बटण जुन्या लालच्या रांगेत, म्हणजे सिरीजमध्ये. नवं हिरवं जुन्या हिरव्याला समांतर. लाल कितीही वाढवा, त्यातलं एक दाबलं तरी मशीन थांबतं. लालची वायर तुटली, स्क्रू ढिला झाला, तरीही थांबतं. कामाच्या घाईत याचा वैताग येतो, पण बिघाड आपल्या बाजूने होतो.

हिरव्याचं उलटं. त्याची वायर तुटली तर फक्त मशीन लागत नाही; पण त्याच्या दोन वायरी घासून एकमेकींना चिकटल्या, तर बटण न दाबता पातं सुरू होतं. त्यामुळे हिरवं बटण मी सरकत्या गाडीवर लावलं नाही. गाडीची केबल दिवसभर वाकते, ड्रॅग चेनमध्ये असली तरी. छताच्या कैचीवरून एक पाइप खाली सोडला आणि कारागीर उभा राहतो तिथे, डोळ्यांच्या उंचीवर पेटी बसवली. हिरवं कड्याच्या आत दबलेलं, चुकून धक्का लागू नये म्हणून. लाल मोठ्या टोपीचं. गाडीच्या टोकाला आणखी एक लाल आहे. दोन्ही हात प्लायवर असताना ते मांडीने दाबता येतं.

वायरमनला एक गोष्ट आधी विचारा: कॉइल किती व्होल्टची? बऱ्याच स्टार्टरांत ती दोन फेजांवर, 415 व्होल्टवर चालते. तेवढं व्होल्टेज भुशातून, हलत्या केबलमधून हातापर्यंत आणण्यात शहाणपण नाही. आम्ही छोटा ट्रान्सफॉर्मर घालून 24 व्होल्टची कॉइल बसवली.

खिशातला बिनतारी रिमोटही मिळतो. भुसा ओढणाऱ्या मशिनला तो झकास आहे. पात्याला नको, वाकलं की खिशातच दाबला जाईल.

दुसऱ्या बटणाने एक नवा धोकाही आला. पातं बदलणारा खाली वाकलेला असतो, आणि पलीकडच्या पेटीजवळच्या हेल्परला तो दिसत नाही. अशा वेळी लाल बटण दाबून ठेवणं पुरेसं नाही. मेन आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप, आणि किल्ली पातं बदलणाऱ्याच्या खिशात.

तुमच्याही मशिनला हे करायचं असेल, तर या आठवड्यात फक्त लाल बटणं लावून घ्या. हिरव्याची जागा ठरवायला आणखी आठ दिवस गेले तरी हरकत नाही.