एका कवळीपुरता साचा

कवळी तोंडात नीट बसली की लोक दातांचं कौतुक करतात. दात किती खरे वाटतात, रंग कसा जुळला, आजीचं हसू कसं परत आलं. पण दात आम्ही घडवत नाही. ते कारखान्यातून तयार येतात. आमच्या हातचं काम म्हणजे दातांखालचं गुलाबी बूड, आणि ते बूड ज्यात आकार घेतं तो प्लास्टरचा साचा. कवळी टाळूला धरून राहणार की जांभई देताना खाली येणार, हे बरंचसं त्या साच्यात ठरून गेलेलं असतं. ओझरला डेंटल लॅब चालवता चालवता माझं मत असं झालं आहे की कवळीत आजवर जी सुधारणा झाली, ती मुळात साच्यातली सुधारणा आहे.

साचा म्हणजे काय, हे ओझरला समजावून सांगावं लागत नाही. १९६४ साली इथे मिग विमानांसाठी एचएएल आली आणि टाउनशिपमधल्या घराघरांत जिग, डाय, फिक्श्चर हे शब्द भाजीभाकरीसारखे रुळले. टूलरूममध्ये नोकरी काढलेले एक काका आपली कवळी कशी बनते ते बघायला लॅबमध्ये येऊन बसले होते. फ्लास्क, म्हणजे ज्या धातूच्या डबीत आम्ही साचा भरतो ती, त्यांनी हातात घेतली, दोन्ही अर्धे एकमेकांवर बसवून पाहिले, कडेवरून बोट फिरवलं.

"हा साचा किती कवळ्यांना चालतो?"

"एकाच, काका. तोडल्याशिवाय कवळी बाहेर निघत नाही."

"एका नगासाठी एवढं टूलिंग?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "टॉलरन्स किती ठेवता?"

टॉलरन्स म्हणजे मापात चालणारी चूक. आमच्या धंद्यात हा शब्द कोणी वापरत नाही, पण प्रश्न अगदी मर्मावर होता. मेणात दात लावून तयार केलेली कवळी फ्लास्कमध्ये प्लास्टरने बंद करतात. उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवली की मेण मऊ होतं. फ्लास्क उघडून मेण धुऊन टाकलं की दात वरच्या अर्ध्यात रुतलेले राहतात आणि हिरडीचा नमुना खालच्या अर्ध्यात. मधल्या पोकळीत अॅक्रिलिकचा गोळा भरायचा आणि प्रेसखाली दाबायचा. जास्तीचा माल कडेने बाहेर येतो, तो कापायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा कापायचा. याला आम्ही ट्रायल क्लोजर म्हणतो. कडेला कागदाच्या जाडीचा पापुद्रा जरी राहिला, तरी फ्लास्कचे दोन अर्धे धातूला धातू भिडत नाहीत, आणि तेवढीच कवळी उंच होते. ती घालणाऱ्याला दात आधीच टेकल्यासारखे वाटतात, जबडा दुखतो, आणि तक्रार डॉक्टरांकडे जाते. मी काकांना कागद दाखवला. त्यांनी मान डोलावली.

साचाच नव्हता तेव्हा काय करत असतील, हे पाहायचं तर जपानकडे पाहावं. वाकायामाच्या एका मंदिरातल्या भिक्षुणीची लाकडी कवळी आजही जपून ठेवलेली आहे. ती बाई १५३८ साली वारली. बॉक्सवूड या घट्ट लाकडातून अख्खा टाळू कोरून काढलेला आहे. तिथले कारागीर पुढे मधमाशीच्या मेणात तोंडाचं माप घेत, लाकूड कोरत, तोंडात लाल रंग लावून कवळी घालून बघत आणि जिथे रंग उमटे तिथे तासत. उंचवटे शोधायची आमची पेस्ट आजही याच पद्धतीने चालते. युरोपात त्याच गरजेपोटी पाणघोड्याच्या दातातून कवळ्या कोरल्या जात. जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडाची होती असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. त्यात हस्तिदंत, पाणघोड्याचा दात, माणसांचे दात आणि धातू होता. कोरीव कामाची अडचण एकच: हात कितीही तयार असला तरी प्रत्येक वेळी तोंडात घालून बघावं लागतं. कारागिरासमोर तोंड नसतं, त्याची आठवण असते.

तो प्रश्न सोडवला बर्लिनच्या फिलिप फाफने. प्रशियाच्या राजाचा हा दंतवैद्य. १७५६ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने मेणात जबड्याचं माप दोन भागांत घेऊन, ते जोडून, त्यात प्लास्टर ओतायची रीत सांगितली. हे वाचायला अगदी साधं वाटतं. पण यामुळे रोगी घरी गेला तरी त्याचा जबडा टेबलावर राहू लागला. माझ्या लेखी कवळीच्या कामातलं सगळ्यात मोठं पाऊल हेच.

पुढे सोन्याच्या पत्र्याची बुडं आली. जबड्याच्या नमुन्यावरून जस्ताची डाय ओतायची, तिच्यावर शिशाची उलटी डाय, आणि दोघींमध्ये पत्रा ठोकून टाळूचा आकार द्यायचा. विमानाचा पत्रा ठोकून घडवायलाही जस्ताच्या मिश्रधातूच्या डाय जगभर वापरल्या गेल्या आहेत. काकांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसले.

मग व्हल्कनाइट आलं. रबरात गंधक घालून तापवलं की ते कडक होतं. नेल्सन गुडइयरने १८५१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि गरिबाला परवडेल अशी कवळी पहिल्यांदा शक्य झाली. सोनं ठोकावं लागतं, रबर साच्यात दाबता येतं. दोन अर्ध्यांची फ्लास्क, मेण काढून राहिलेली पोकळी, दाब आणि उष्णता, हे सगळं कामकाज व्हल्कनाइटच्या काळात पक्कं झालं, आणि मी आजही त्याच वाटेने जातो. या पेटंटांनी फार छळलंही. अमेरिकेत कवळीच्या पेटंटचा मालक असलेल्या कंपनीचा जोसाया बेकन हा अधिकारी दंतवैद्यांवर खटले भरत गावोगाव फिरायचा. १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांतल्याच एका दंतवैद्याने त्याला गोळी घातली. साध्या माणसाच्या जेवणाशी जोडलेल्या वस्तूवर असा खंडणीवजा हक्क सांगणं मला आजही पटत नाही.

१९३७ च्या सुमाराला अॅक्रिलिक आलं आणि काही वर्षांतच व्हल्कनाइट मागे पडलं. हे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांच्या कॅनोपी याच पदार्थाच्या होत्या. वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक छत आणि आजोबांच्या टाळूला लागलेलं गुलाबी बूड हे रसायनाने एकच, ही गोष्ट विमानांच्या या गावात काम करताना मला फार जवळची वाटते.

पण अॅक्रिलिकचा एक स्वभाव आहे: ते आक्रसतं. नुसतं द्रव कडक झालं तर आकारमानात सुमारे २१ टक्के घट होते. म्हणून तीन भाग पावडर आणि एक भाग द्रव असं मापाने मिसळतात, तरी सहा-सात टक्के उरतेच. त्याचा परिणाम दिसतो टाळूच्या मागच्या मधल्या भागात. तिथे कवळी नमुन्यावरून किंचित उचलली जाते आणि हवा आत शिरते. त्यासाठी नमुन्यावर त्या जागी आधीच हलकी खाच कोरून ठेवावी लागते. किती खोल, हे डॉक्टरांनी रोग्याचा टाळू बोटाने दाबून ठरवायचं आणि खूण करून पाठवायचं. खूण नसेल तर मी फोन करतो. अंदाजाने कोरत नाही.

साच्यासाठी प्लास्टर कोणतं, यावर मी आग्रही आहे. शंभर ग्रॅम साध्या प्लास्टरला पंचेचाळीस ते पन्नास मिलिलिटर पाणी लागतं, स्टोनला, म्हणजे प्लास्टरच्याच टणक प्रकाराला, तिसाच्या आत भागतं. जादा पाणी उडून जातं आणि मागे बारीक भोकं ठेवतं, म्हणून साधं प्लास्टर ठिसूळ. प्रेसचा दाब आला की दाताखालचं प्लास्टर चेपतं, दात हलतो आणि बंद होताना चावा बिघडतो. दातांभोवती स्टोनचा थर दिला की हे टळतं. खर्च थोडा वाढतो. रेट पाडून काम मागणाऱ्यांना तो थर नको असतो, आणि कवळी हातात घेऊन तो दिला की नाही हे कोणालाच कळत नाही. पूर्वी साच्याला आतून कथलाचा वर्ख लावत, आता अल्जिनेटचं कोल्ड मोल्ड सील ब्रशने लावतो. दातांच्या बुडाला ते लागलं तर दात बुडाला पकडत नाही, म्हणून तिथे हात जपून चालवायचा.

आमच्या निफाड तालुक्याची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत अॅक्रिलिक मळायच्या अवस्थेला यायला फार वेळ घेतं, आणि एप्रिलमध्ये तेच हातात असताना ताठ होतं. पावसाळ्यात उघडं राहिलेलं प्लास्टर हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्याच्या जमण्याचा भरवसा राहत नाही. पाकिटावरची वेळ इथल्या ऋतूंना लागू पडत नाही. ती बोटांनी ठरवावी लागते.

शिजवायला मी ७४ अंशांवर आठ तास देतो. घाईने उकळलं तर जाड भागात द्रव १०० अंशांच्या जरा वर उकळतो आणि बुडात फोड राहतात. आता मिलिंगची यंत्रं आली आहेत. कारखान्यात आधीच घट्ट झालेल्या अॅक्रिलिकच्या चकतीतून कवळी कोरली जाते, म्हणजे आक्रसणं तिथेच संपून गेलेलं असतं. हे तंत्र चांगलं आहे आणि ते सगळीकडे यावं असं मला वाटतं. तरीही दात नसलेल्या तोंडातली मऊ, हलती कड आजही बहुतेकदा ट्रेमध्ये माप घेऊनच उतरवली जाते. फाफची पायरी अजून पुरती गाळता आलेली नाही.

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने डेंटल मेकॅनिकची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. आपली कवळी कुठल्या लॅबमध्ये बनते आणि ती बनवणारा नोंदणीकृत आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मेणाची ट्रायल टाळू नका. घरातलं माणूस सोबत न्या, आरशात बघा, बोलून बघा, कारण मेणात दात हलवता येतो, अॅक्रिलिकमध्ये नाही. आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात कवळी मागू नका. फ्लास्क गरम असताना उघडली तर बूड वाकतं. तिला हळूहळू गार व्हायला एक रात्र द्या.