कॅप्टन जटार : एका वैमानिकाचे स्मरण

मराठीत ‘विमान’ हा शब्द विमानापेक्षा पुष्कळ जुना आहे. तुकोबांना न्यायला आलेले विमान आपल्या लोकमानसात इतके पक्के बसले आहे की, यंत्राचे विमान आले तेव्हा त्याच्यासाठी नवे नाव शोधावे लागले नाही. पण या जुन्या विमानाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. ते नेत असे. परत आणीत नसे, आणि त्याला वैमानिकही नव्हता. माणसांना नेऊन सुखरूप उतरवणे, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेणे, हे नित्याचे काम करणारा जो माणूस विसाव्या शतकात निर्माण झाला, त्याला आपल्या साहित्यात अजून धड जागा मिळालेली नाही. आपल्या प्रवासवर्णनांत विमान येते ते बहुधा खिडकीजवळच्या आसनापुरते आणि हवाई सुंदरीवरच्या विनोदापुरते. पुढच्या बंद दाराआड कोण बसले आहे, याची चौकशी लेखक सहसा करीत नाही.

मराठी वैमानिकांचा विषय निघाला की, वर्गात हमखास एकच नाव पुढे येते : शिवकर बापूजी तळपदे. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवले, ही कथा विद्यार्थ्यांना पाठ असते. २०१५ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही येऊन गेला. त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा उपलब्ध नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला या संदर्भात हटकून दिला जातो, तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली मांडला. तरीही कथा टिकून आहे. आम्हांला तळपद्यांच्या जिद्दीविषयी अनादर नाही. खटकते ते एवढेच की, न झालेल्या उड्डाणाचे स्मरण आम्ही हौसेने करतो आणि झालेल्या उड्डाणांतली माणसे विसरतो. या लेखाचा विषय असलेले कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार त्या विसरलेल्यांपैकी होत.

त्यांच्या काळाची थोडी कल्पना द्यायला हवी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. विमान एका इंजिनाचे, पस मॉथ जातीचे. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, म्हणून सारा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. या टपालाच्या धंद्यातून १९४६ साली ‘एअर इंडिया’ झाली, आणि ८ जून १९४८ रोजी तिचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. खुणेच्या नद्या आणि रेल्वेचे रूळ पाहत उडण्यापासून चार इंजिनांच्या कॉन्स्टेलेशन विमानापर्यंतचे हे अंतर पुरते सोळा वर्षांचेही नाही. एकाच माणसाच्या उमेदीच्या वर्षांत हे सगळे घडले. मोटारगाडी शिकता शिकता आगगाडी हाकण्याची जबाबदारी यावी, तसे त्या पिढीचे झाले.

कॉन्स्टेलेशन दिसायला देखणे होते : माशासारखे किंचित वाकलेले अंग आणि शेपटीवर तीन उभे पंख. पण आजच्या विमानाच्या मानाने ते चालवायला फार माणसे लागत. वैमानिक आणि सहवैमानिक यांच्याखेरीज दिशा व स्थान काढणारा नॅव्हिगेटर, इंजिनांवर लक्ष ठेवणारा फ्लाइट इंजिनिअर, बिनतारी संदेश पाठवणारा, असा तो एक छोटा फडच असे. आज ही कामे बव्हंशी यंत्रांकडे गेली आहेत. त्या काळी कॅप्टन म्हणजे या फडाचा म्होरक्या; चार जणांकडून चार गोष्टी ऐकून पाचवी स्वतः ठरवणारा.

एप्रिल १९५५ मध्ये बांडुंगला आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांची परिषद भरणार होती. चिनी शिष्टमंडळासाठी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ भाड्याने घेतले होते आणि त्याचे कॅप्टन जटार होते. ११ एप्रिलला हाँगकाँगच्या काय ताक विमानतळावर इंधन भरून, देखभाल आटोपून विमान जाकार्ताकडे निघाले. ११ प्रवासी, ८ कर्मचारी. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय या विमानाने जाणार अशी समजूत होती. ते त्यात नव्हते.

निघाल्यापासून सुमारे पाच तासांनी, १८,००० फुटांवर, स्फोटाचा आवाज झाला. उजव्या पंखातील चाकांच्या खोबणीत ठेवलेला बॉम्ब फुटला होता. प्रवाशांच्या कक्षात धूर येऊ लागला आणि पंखावर, तिसऱ्या इंजिनाच्या मागे, आग दिसली. खाली दक्षिण चिनी समुद्र. जवळची जमीन म्हणजे नातुना बेटे. जटारांनी तिसरे इंजिन बंद केले, उरलेल्या तिघांवर विमान खाली आणायला घेतले. बिनतारी यंत्र निकामी होण्यापूर्वी तीनदा संकटाचा संदेश गेला आणि त्यात स्थान सांगितले गेले. हवाई सेविका ग्लोरिया बेरी यांनी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे वाटली. संकटकाळची दारे उघडून ठेवण्यात आली, म्हणजे पाण्यावर आदळताच बाहेर पडता यावे. उजवा पंख आधी पाण्याला लागला आणि विमानाचे तुकडे झाले.

१९ पैकी तिघे वाचले : सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक. जटार आणि बेरी वाचले नाहीत. पुढे या पाचही जणांना अशोक चक्र मालिकेतील शौर्यपदके मिळाली. तेव्हा त्या सन्मानाचे तीन वर्ग होते आणि तो नागरिकांना मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

वरील परिच्छेदांत जटारांच्या तोंडी आम्ही एकही वाक्य घातलेले नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. मोह होता. मरणाच्या दारातल्या कॅप्टनाला चार बाणेदार शब्द देणे कोणत्याही लेखकाला सहज जमण्यासारखे आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांना तशी वाक्ये फार आवडतात. पण या माणसाची थोरवी बोलण्यात नाही, क्रमात आहे : आधी इंजिन, मग उंची, मग संदेश, मग जाकिटे, मग दारे. जळत्या विमानात हा क्रम न बिघडणे म्हणजेच त्याचे शौर्य. वीररसाच्या आमच्या कल्पना रणांगणावरून आलेल्या आहेत. शत्रू समोर दिसतो, शस्त्र उगारले जाते. इथे शत्रू पाच तासांपूर्वी, हजार मैल मागे, घड्याळ लावून निघून गेलेला. उरले ते केवळ काम. काम नीट करणे या गोष्टीला रस कोणता, हे साहित्यशास्त्राने आम्हांला शिकवलेले नाही.

कर्णिकांनी पुढे या प्रवासावर ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे पुस्तक लिहिले. वाचलेल्या माणसाने न वाचलेल्यांविषयी लिहिणे हा आत्मकथनाचा अवघड प्रकार. त्यात लिहिणारा विमानाच्या प्रकृतीची काळजी वाहण्यासाठीच सोबत गेलेला अभियंता. ज्या देखभालीच्या वेळात बॉम्ब ठेवला गेला, ती त्याच्या व्यवसायाचीच गोष्ट. आत्मचरित्र शिकवताना आम्ही लेखक, नट, समाजसुधारक यांच्या पलीकडे फारसे जात नाही. अशा यंत्रज्ञाचे कथन अभ्यासक्रमाच्या कडेलाही दिसत नाही. साक्षीदाराची नैतिक स्थिती म्हणजे काय, हे समजावण्यासाठी परदेशी ग्रंथांचे दाखले शोधत बसण्यापेक्षा हे उदाहरण जवळचे नव्हे काय?

त्यात भर अशी की, या घटनेवर झालेले बहुतेक लेखन राजकारणाचे आहे. चौ एन-लाय का गेले नाहीत, कट कोणाचा, कोणाला आधी ठाऊक होते, याच प्रश्नांभोवती ते फिरते. प्रश्न महत्त्वाचे आहेतच. हाँगकाँगच्या विमान-देखभाल कंपनीतील ज्या सफाई कामगारावर संशय होता, तो १८ मे १९५५ रोजी विमानानेच तैवानला निसटला आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. भारताच्या वतीने या तपासात रा. ना. काव होते, जे पुढे ‘रॉ’चे पहिले प्रमुख झाले. हेरकथेला लागणारे सारे साहित्य इथे आहे, आणि हेरकथेत वैमानिक हा नेहमी मरणाऱ्यांच्या यादीतला एक असतो. बेजिंगच्या बाबाओशान स्मशानभूमीत या घटनेतील हुतात्म्यांचे स्मारक आहे, तेही ११ प्रवाशांचे.

लासलगावला तास चालू असताना पुष्कळदा ओझरच्या कारखान्यातली विमाने चाचणीसाठी डोक्यावरून जातात. तो कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी निघाला. आवाज थांबेपर्यंत बोलणे थांबवायचे, ही इथली रीतच आहे. जटारांविषयी पहिल्यांदा सांगितले तेव्हा मागच्या बाकावरच्या, कांद्याच्या लिलावातून थेट वर्गात आलेल्या एका मुलाने विचारले, “सर, तिसरं इंजिन बंद केलं नसतं, तर काय झालं असतं?” कटाविषयी कोणी काही विचारण्याआधी हा प्रश्न आला, याचे आम्हांला फार बरे वाटले. इंजिनालाही आग लागून पंख हवेतच तुटला असता, अशी भीती कॅप्टनला असावी, असे आम्ही सांगितले.

समुद्राच्या तळाशी गेलेले अवशेष पुढे वर काढण्यात आले. त्यांत काळानुसार स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेचे भाग सापडले आणि इंडोनेशियाच्या चौकशी मंडळाने घातपाताचा निष्कर्ष काढला. विमानात किंवा ते चालवणाऱ्यांत दोष नव्हता, हे त्या तुकड्यांनीच सिद्ध केले.