तीन दिवसांचा बेत

आमच्या घरी द्राक्षासवाची बाटलीसुद्धा औषधांच्या कपाटात कुलूपबंद असे. त्याला कारण होते. फोंड्याकडच्या डोंगरउतारावरचे आमचे कुळागर वडिलांच्या व्यसनापायी तुकड्यातुकड्याने गेले. प्रथम ‘व्हाळाकांठ’, मग ‘आंब्यामूळ’, शेवटी पाटाच्या पाण्यासकट वरचा सगळा भाग. १९७१ साली, मी अठरा वर्षांचा असताना, आईने मला कुलदेवतेपुढे उभे केले आणि मद्याचा थेंब ओठांना लागू देणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. ती मी आजवर पाळली आहे. अशा माणसाने उतारवयात फ्रान्समधल्या द्राक्षमद्याच्या प्रांती हवापालटास जाण्याचा बेत आखत बसावे, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. मलाही वाटते.

बेत मूळचा मुलीचा. ती पॅरिसला नोकरी करते आणि येत्या ऑक्टोबरात आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. महानगराच्या गर्दीचा आपल्या आईला लवकरच कंटाळा येईल हे ओळखून तिने बर्गंडीतील बोन हे लहानसे गाव निवडले. दूरध्वनीवर ते ऐकून मी गप्प राहिलो. “बाबा, प्यायचं नाही, पाहायचं आहे,” ती म्हणाली. मी उत्तर दिले नाही. पण दुसऱ्या दिवशी वाचनालयातून नकाशांचे पुस्तक घरी आणले.

प्रवास सोपा आहे. पॅरिसहून दिजों सुमारे ३०० किलोमीटर. वेगवान गाडी ते अंतर दीड तासाच्या आसपास तोडते. तेथून बोन आणखी वीसेक मिनिटांवर. या दुसऱ्या टप्प्यात उजव्या हाताची खिडकी धरावी, कारण द्राक्षमळ्यांचा उतार त्याच अंगाला आहे, एवढे मी टिपून ठेवले. त्या उताराला ‘कोत दोर’ म्हणतात. हे नाव शरदात सोनेरी होणाऱ्या पानांवरून पडले असे कोणी सांगतात, तर ते ‘पूर्वाभिमुख उतार’ या अर्थाच्या शब्दांचे आखूड रूप आहे असे दुसरे कोणी. मला दोन्ही पटतात.

नकाशा पाहता पाहता मी त्यात गुंतलो. उताराच्या माथ्यावर खडक फार, पायथ्याशी ओल फार. उत्तम द्राक्ष मधल्या पट्ट्यात पिकते. चुनखडीच्या त्या चिंचोळ्या पट्टीचे शेकडो तुकडे पाडलेले, आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचे नाव! त्यांना ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा त्यांची गणती १,२४७ भरली. एखाद्या ठिकाणी तर मधली पाऊलवाट ओलांडली की मद्याचे नाव बदलते आणि किंमतही. त्या नावांवरून बोट फिरवताना ते मध्येच थांबले. मी ‘व्हाळाकांठ’ शोधत होतो.

व्हुजो येथील मळ्याची हकीकत मी दोनदा वाचली. सीतोच्या मठातील संन्याशांनी बाराव्या शतकात तो लावण्यास आरंभ केला, पुढे त्याभोवती दगडी भिंत घातली. राज्यक्रांतीत मठाची मालमत्ता सरकारजमा होऊन विकली गेली. आज त्या सुमारे ५० हेक्टरांना ८० च्या घरात मालक आहेत. कित्येकांच्या वाट्याला वेलींच्या काही ओळीच येतात. वाटण्या झाल्या, विक्रया झाल्या, परंतु भिंत उभी आहे आणि मळा त्याच नावाने ओळखला जातो. ज्या वस्तूने आमची जमीन गिळली, तिच्याचसाठी इथे माणसांनी जमीन आठशे वर्षे जपली! याचा मला राग यावयास हवा होता. थोडा आलाही.

बोनच्या धर्मार्थ रुग्णालयाविषयी मात्र मन तत्काळ निवळले. निकोला रोलँ हा बर्गंडीच्या ड्यूकचा प्रधान. त्याने व त्याची पत्नी गिगोन द सालँ हिने १४४३ साली गोरगरिबांसाठी ते स्थापिले. रंगीत कौलांच्या त्या वास्तूचे आता संग्रहालय झाले आहे आणि रुग्णसेवा दुसऱ्या इमारतीत चालते. भाविकांनी शतकानुशतके त्यास द्राक्षमळे दान दिले. त्यांचे मद्य १८५९ पासून दरवर्षी लिलावात निघते. हल्ली नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी. पूर्वी पेटती मेणबत्ती विझेपर्यंत बोली चाले. पिंपांना दात्यांची नावे असतात. हे मी पत्नीला वाचून दाखविले, तेव्हा ती सहज म्हणाली, “म्हणजे आपल्या देवळातली पावणीच की!” अगदी खरे. फळफळावळ नि देवीची लुगडी यांच्या ठिकाणी मद्याची पिंपे, एवढाच फरक.

लिलावाच्या दिवसांत गावात खोली मिळणे दुरापास्त, म्हणून आमचा ऑक्टोबरच बरा. द्राक्षतोडणी तोवर आटोपलेली असेल. खाण्याचा प्रश्न थोडा बिकट. तिकडचे प्रसिद्ध पक्वान्न म्हणजे मद्यात शिजविलेले गोमांस; आम्ही मासे खाणारे असलो तरी त्या वाटेला जाणारे नव्हे. शिवाय दुपारी दोननंतर पुष्कळ खानावळी बंद होतात. चीज घातलेले फुगीर वडे, पाव, सूप यांवर निभावेल.

उरली तिसऱ्या दिवसाची दुपार. मुलीने त्यापुढे ‘तळघर, मद्याची चव’ असे लिहून प्रश्नचिन्ह काढले होते. जाणकार लोक मद्य घोळवून थुंकून टाकतात, असे तिने कळविले. ओठांना लागून थुंकलेल्या थेंबाने शपथ मोडते की नाही, हा वाद घालण्यास आज आई हयात नाही. आणि तिच्यामागे असली पळवाट काढणे मला शोभणार नाही. मी ती ओळ खोडू लागलो, तोच पत्नी म्हणाली, “शपथ तुमची. माझी कुठे आहे?”

एकेचाळीस वर्षांच्या संसारात हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

मी खोडलेले अक्षर पुन्हा गिरविले. प्रश्नचिन्हाच्या जागी ‘तिघे’ असे लिहिले, आणि कंसात ‘पेले दोन’.