रिक्षा स्टँडपासून डब्याच्या दारापर्यंत

आमच्या उपनगरातल्या प्रवासी संघटनेने रेल्वेला द्यायचं निवेदन माझ्याकडे सोपवलं, ते मी शाळेत मराठी शिकवते म्हणून. विषय ठरलेला होता. आमच्या स्टेशनला एकच पादचारी पूल, त्याला सगळीकडून जिने. तेव्हा लिफ्ट हवी. मी बैठकीतच पानभर मजकूर लिहून काढला: ज्येष्ठ नागरिक, गरोदर स्त्रिया, दिव्यांग प्रवासी, सगळ्यांचे हाल त्यात आले. संघटनेत रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी तो कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, "बाई, भाषा चांगली आहे. पण लिफ्ट किती? कुठल्या फलाटावर, कुठल्या खांबापाशी? आणि त्या लिफ्टपर्यंत माणूस पोचणार कसा?" यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

आमच्याच इमारतीत व्हीलचेअर वापरणारा एक मुलगा राहतो. कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज लोकलने जाण्यासारखं असूनही तो रोज रिक्षाने जातो आणि त्या भाड्यात घरातल्या बाकी सगळ्यांचे पास निघतील. त्याला म्हटलं, माझ्याबरोबर स्टेशनवर येशील का? तो म्हणाला, "येतो काकू. मेजर टेप घ्या बरोबर." मी तिकीट खिडकीपासून मोजायला सुरुवात करणार होते. त्याने मला मागे बोलावलं. "स्टेशन इथून नाही, रिक्षा स्टँडपासून सुरू होतं."

रिक्षा स्टँड ते तिकीट खिडकी हे अंतर मी इतकी वर्षं चालते आहे, पण ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आधी गटारावरची लोखंडी जाळी. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच बसवलेल्या, त्यामुळे खुर्चीचं पुढचं लहान चाक नेमकं फटीत उतरतं. पट्ट्या आडव्या असत्या तर ते वरून गेलं असतं. पुढे दुचाकी आत येऊ नयेत म्हणून रोवलेले पाइप. दोन पाइपांमधलं अंतर ७२ सेंटीमीटर भरलं, खुर्चीची रुंदी ६६. मी म्हटलं, जाईल की! खुर्ची गेली, पण चाकं ढकलणारे हात कुठे जाणार? त्याने मूठ वळून बोटांची हाडं मला दाखवली, त्यांवर जुने ओरखडे होते. अशा वाटेला निदान ९० सेंटीमीटर मोकळी जागा लागते, आणि ती फक्त खुर्चीसाठी नसून माणसाच्या हातांसाठीही असते, हे मला तिथे कळलं.

मग रॅम्प, म्हणजे पायऱ्यांऐवजी केलेला उतार. तो आमच्या स्टेशनला आहे, याचा मला दिलासा वाटत होता. नानांनी नियम सांगितला होता: एकास बारा. एक सेंटीमीटर वर चढायचं तर बारा सेंटीमीटर लांबी हवी. मला हे आधी उलटंसुलटं समजलं, मग वहीत त्रिकोण काढल्यावर डोक्यात शिरलं. आमचा उतार ४५ सेंटीमीटर चढतो, म्हणजे तो कमीत कमी ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब हवा. टेप लावली तर सव्वातीन मीटरसुद्धा भरेना. मुलाने चढून दाखवलं. अर्ध्यावर पुढची चाकं जमिनीपासून सुटली आणि खुर्ची मागे कलली. मी धावत जाऊन पाठ धरली. कठडा एकाच बाजूला होता. खरं तर दोन्ही बाजूंना आणि दोन उंचींवर, साधारण ७६ आणि ९० सेंटीमीटरवर, हवा: खालचा खुर्चीतल्या माणसाला आणि लहान मुलांना, वरचा उभ्याने चालणाऱ्यांना. स्टेशनवरच्या सोयींच्या यादीत हा रॅम्प "उपलब्ध" म्हणून नोंदलेला असणार, यात मला शंका नाही.

आता पूल. लिफ्ट बंद पडतात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून मी हट्ट धरला की पुलालाही रॅम्पच मागू या, त्याला ना वीज लागते ना लिफ्टमन. नाना म्हणाले, "मागा. आधी हिशेब करा." मी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. चाळीस. प्रत्येक पायरी १५ सेंटीमीटर, म्हणजे पूल फलाटापासून ६ मीटर उंच. सहा गुणिले बारा, ७२ मीटर. शिवाय सलग उतार ९ मीटरपेक्षा लांब असू नये, मध्ये दीड मीटरची सपाट जागा हवी, जिथे माणूस थांबून दम घेईल. असे आठ तुकडे आणि मधले सात थांबे धरले की झाले साडेब्याऐंशी मीटर. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते. म्हणजे फलाटाचा तिसरा हिस्सा एका रॅम्पने खाल्ला असता, आणि हाताने चाकं फिरवत साडेब्याऐंशी मीटर चढायला लागलं असतं ते वेगळंच. मुलगा एवढंच म्हणाला, "काकू, मी वर पोचेपर्यंत गाडी गेलेली असेल."

पूल एवढा उंच का, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. रुळांच्या वर साधारण साडेपाच मीटरवरून २५,००० व्होल्टची तार जाते. पूल त्या तारेच्याही वर, सुरक्षित अंतर राखून. जमिनीखालून सबवे केला तर माणसाच्या डोक्याएवढीच उंची लागते, चढउतार बराच कमी होतो. मी उत्साहाने सबवे लिहिला आणि नानांनी मला जुलै महिन्याची आठवण करून दिली. आमच्या स्टेशनच्या पूर्वेला पाणी कुठवर चढतं हे मी स्वतःच पाहिलेलं आहे. सबवे खोडला.

म्हणजे शेवटी लिफ्टच. पण किती? आमच्याकडे पश्चिमेला एक नंबरचा फलाट, मध्ये दोन आणि तीन नंबरचा जोडफलाट, आणि पलीकडे पूर्वेचा रस्ता. लिफ्ट बसवायची तर तीन ठिकाणी. पश्चिमेला एकच बसवली तर माणूस पुलावर जाईल आणि तिथेच अडकेल. माझ्या पहिल्या निवेदनात "एक लिफ्ट" असं लिहिलं होतं.

जागेचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. फलाटाच्या कडेपासून साधारण तीन मीटरच्या आत नवा खांबसुद्धा उभा करता येत नाही, कारण गर्दीला चालायला आणि गाडीला सुटसुटीत जायला जागा लागते. जोडफलाटाला दोन कडा. दोन्हीकडून तीन-तीन मीटर सोडले आणि मध्ये लिफ्टचा उभा बोगदा धरला, तर निदान साडेआठ मीटर रुंदी हवी. पुलाच्या जिन्यापाशी आमचा फलाट तेवढा रुंद नाही. आम्ही टेप घेऊन फलाटभर फिरलो. सकाळची गर्दी ओसरल्यावरची वेळ होती, तरी लोक थांबून विचारत होते. कल्याणच्या दिशेच्या टोकाला फलाट रुंदावतो, पण तिथवर पूल नाही. म्हणजे लिफ्टसाठी पुलाला नवा फाटा काढावा लागणार. असं काही बांधायचं तर रेल्वेत जीएडी नावाचा नकाशा करतात, कुठली वस्तू कुठे येणार हे दाखवणारा. त्यावर स्थापत्य, विद्युत, सिग्नल अशा सगळ्या खात्यांच्या सह्या लागतात. गर्डर चढवायला गाड्या थांबवून ब्लॉक घ्यावा लागतो, तारेतली वीज बंद करावी लागते. रविवारच्या ज्या मेगाब्लॉकवर मी नेहमी चिडते, त्यात अशीही कामं होत असतात.

लिफ्टच्या आतलं मला मुलाने शिकवलं. बटणं बसलेल्या माणसाच्या हाताला येतील अशी हवीत, ब्रेलमध्येही हवीत, मजला बोलून सांगायला हवा. आणि दरवाजासमोरच्या भिंतीवर आरसा. तो कशाला, असं मी विचारलं. लहान लिफ्टमध्ये खुर्ची वळत नाही, उलटं बाहेर यावं लागतं, तेव्हा मागे कोण उभं आहे ते त्या आरशात दिसतं. मी आजवर अशा प्रत्येक आरशात स्वतःचा चेहराच पाहिला होता.

संघटनेतल्या पुष्कळांना लिफ्टपेक्षा सरकता जिना हवा होता. मलाही आधी दोन्ही सारखेच वाटत. सरकत्या जिन्यावर खुर्ची चढत नाही, हातात पांढरी काठी असलेल्याला तो धोक्याचा, आणि बहुतेक ठिकाणी तो फक्त वर नेतो. बैठकीतल्या एका आजींनी सगळ्यांना गप्प केलं: "गुडघे उतरताना जास्त दुखतात रे."

कायद्याचा भाग मी आत्मविश्वासाने लिहायला घेतला, कारण तो वाचून लिहिता येतो असं वाटलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. रेल्वे स्थानकं सर्वांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी त्यात सरकारवर टाकली आहे. सार्वजनिक इमारतींसाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती, नियम २०१७ चे. मुदत संपून गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं नुसती शिफारशीसारखी ठेवून भागणार नाही, बंधनकारक किमान नियम करा. सरकारला तीन महिने दिले. हे सगळं मी निवेदनात घातलं. मग रेल्वेची स्वतःची यादी नानांनी पुढे ठेवली. तिच्यात दोन भाग आहेत. प्रवेशाचा उतार, कमी उंचीवरचा नळ, एक स्वच्छतागृह, राखीव पार्किंग, चौकशीची सोय: हे अल्पमुदतीचं, सर्व स्थानकांसाठी. एका फलाटावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय मात्र दीर्घमुदतीच्या भागात, मोठ्या स्थानकांसाठी आधी. म्हणजे पहिल्या भागातल्या सगळ्या रकान्यांत टिकमार्क होऊनही माणूस एक नंबरवरच राहू शकतो. उपनगरी स्थानकांची वर्गवारी होते ती प्रवासीसंख्येवर, आणि जो जिना चढू शकत नाही तो त्या संख्येत कधी मोजलाच जात नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि निवेदनात मी ते तसंच लिहिलं आहे.

शेवटचा टप्पा राहिला होता: फलाट ते डबा. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपरला एका कॉलेजच्या मुलीने फलाट आणि गाडी यांच्यामधल्या पोकळीत पडून दोन्ही हात गमावले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मुंबईच्या उपनगरी फलाटांची उंची ९० सेंटीमीटरपर्यंत वाढवण्याचं काम वेगाने झालं. ते गरजेचंच होतं. पण आमच्याकडे फलाट उंच झाला आणि स्वच्छतागृह होतं तिथेच राहिलं. त्याच्या दिव्यांगांसाठीच्या दारात आता एक पायरी खाली उतरावी लागते. आणि एवढं करूनही डब्याची जमीन फलाटापेक्षा वरच आहे. हँडिकॅपचा डबा कुठे येतो हे अंध प्रवाशांना कळावं म्हणून फलाटावर 'बीप बीप' वाजत असतं. तो आवाज कशाचा, हे मी त्या मुलाकडून ऐकलं. पण त्या डब्यात खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात आणि लोकल अर्धा मिनिटही थांबत नाही. त्याच घाटकोपरला २०१४ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या मेट्रोचा फलाट आणि डबा एका पातळीत आहेत. मुलगा तिथे एकटा चढतो, एकटा उतरतो. मी ते पाहायला मुद्दाम त्याच्याबरोबर गेले. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, सरळ आत गेला.

नवं निवेदन पहिल्यासारखं मुळीच नाही. लिफ्ट त्यात आहेत, तीन, जागेच्या नकाशासह. पण सुरुवातीला ती कामं आहेत ज्यांना ना ब्लॉक लागतो ना मोठा निधी: जाळी फिरवून बसवा, एक पाइप काढा, प्रवेशाचा उतार लांबवा, त्याला दुसरा कठडा लावा, स्वच्छतागृहाच्या दारात भर घाला. लिफ्टच्या कलमाखाली नानांच्या सांगण्यावरून दोन ओळी वाढवल्या: वार्षिक देखभालीचा करार आधी करा, आणि लिफ्ट बंद असेल तेव्हा खुर्ची पलीकडे कशी न्यायची आणि कोणी न्यायची हे लिहून लावा. अर्जावर पहिली सही त्या मुलाची आहे. कागद विभागीय कार्यालयात दिला, पोच मिळाली आहे. उत्तर अजून यायचं आहे.

तुमच्या स्टेशनसाठी असं काही मागणार असाल, तर लिहायला बसण्यापूर्वी मेजर टेप घ्या, आणि जिना चढता न येणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन रिक्षा स्टँडपासून डब्याच्या दारापर्यंत एकदा जाऊन या. काय मागायचं ते वाटेत तोच सांगेल.